चौथा तास

माझ्यातून दिवसभर रक्त वाहते. पण त्यातला एकही थेंब माझा नाही. मित्रांनो, मी दौंडमधल्या एका खासगी रुग्णालयातले जुने डायलिसिस यंत्र आहे. ज्यांची मूत्रपिंडे थकली, त्यांचे रक्त मी एका नळीने घेतो, धुतो, अंगात साठलेले पाणी काढतो आणि दुसऱ्या नळीने रक्त परत देतो. आठवड्यातून तीनदा, दर खेपेस चार तास.

मी येथे आलो त्या दिवशी माझ्या गळ्यात झेंडूचा हार पडला. तोवर पुण्याला खेटे घातलेली माणसे माझ्या काचेला हात लावून नमस्कार करत. खुटबावच्या साखरबाई त्यांतल्याच. दंडात सुई शिरताना त्या तोंड फिरवत आणि तंत्रज्ञ गौतमीला म्हणत, "पोरी, गोणी शिवल्यागत टोचू नगं."

"मावशी, गोणी तरी गप पडून राहते," गौतमी हसे.

त्यांच्या उपचाराचा खर्च सरकारी योजना सोसे. रुग्णालयांनी मनाला येईल ते बिल लावू नये, म्हणून प्रत्येक उपचाराला दर बांधून दिलेला. हे बंधन योग्यच होते. त्याच्यावाचून साखरबाई माझ्यापर्यंत पोचल्याच नसत्या. पण वीज, औषधे, पगार वाढत गेले आणि दर जागच्या जागी गोठून राहिला. योजना उपचार मोजत होती, तास नव्हे. ही फट रुग्णालयाचे मालक डॉक्टर विश्वजीत यांना दिसली.

"एक तास कमी केला की दिवसात आणखी एक पाळी बसते," ते गौतमीला म्हणाले. "भांडगावची माणसं कधीची ताटकळलीत. त्यांना काय सांगू?"

"सर, पाणी अंगात राहील."

"मग जोरात ओढा."

जोरात ओढले की साखरबाईंच्या पोटऱ्यांत गोळे येत, रक्तदाब घसरे. मग गौतमी ओढ सैल करी, आणि उरलेले पाणी साखरबाई अंगात वागवत घरी नेत.

सर्वांत भयाण गोष्ट ही, की त्या आनंदात होत्या. लवकर सुटका म्हणजे दुपारची पॅसेंजर, आणि पॅसेंजर म्हणजे संध्याकाळची धार. म्हैस व्याली तेव्हा त्यांनी डबा भरून खरवस आणला. "तू लवकर सोडतीस म्हनून धार माझ्या हातची व्हती. खा की."

गौतमीने वडी तोंडाशी नेली आणि तशीच खाली ठेवली.

पुढच्या खेपेस साखरबाईंचा चेहरा सुजला होता. पायावर बोट दाबले की खळगा भरून येत नव्हता. गौतमीने डॉक्टरांना न विचारता माझ्यावर पूर्ण वेळ लावला. तीन तास होताच साखरबाई चुळबुळू लागल्या.

"सोड की. गाडी जाईल माझी."

"आज थांबा, मावशी. अंगात लई पाणी हाय."

"इतके दिस तर तूच सोडत व्हतीस. तवा चालत व्हतं, आन् आज न्हाई व्हय?"

खरे बोलायचे तर मालकाचे आणि स्वतःचेही नाव घ्यावे लागले असते. दारात पुढच्या पाळीची माणसे उभी होती. तिने माझा पंप थांबवला. मला फक्त शिटी वाजवता येते, मित्रांनो. आणि बटण दाबले की तीही मुकी होते.

नंतरच्या पाळीला साखरबाईंचे पती ज्ञानदेव एकटेच आले.

"आडवं झालं की बुडल्यागत व्हतंय म्हनली. बसूनच रात काढली. फाटंचं गाडीत घातलं, पर रस्त्यातच..." त्यांनी गौतमीपुढे हात जोडले. "तुमी लई केलं, ताई. येळंवर घरी धाडायचा तिला. तिची जागा आता कुनाला तरी द्या."

गौतमीने हातातल्या माझ्या रिकाम्या नळ्या खाली ठेवल्या. मग म्हणाली, "आप्पा, ते उपकार नव्हते. तो तास मावशींच्या हक्काचा होता. आम्ही काढून घेतला."

ज्ञानदेवांचे जोडलेले हात सावकाश सुटले.

मित्रांनो, दवाखान्यांच्या बिलांना लगाम हवाच. पण त्या लगामाने नेमके काय आवळले जाते, तेही कुणीतरी पाहायला हवे. माझा रंग उडाला तरी चालेल, माझ्यावरची धूळ पुसली नाही तरी चालेल. तुमच्या घरचे कोणी माझ्याशेजारी निजले आणि त्यांना लवकर उठवले, तर हरखून जाऊ नका. कारण विचारा. आणि तेच उठू लागले, तर चार तास पुरे होईपर्यंत त्यांचा हात धरून बसा.