पैकीच्या पैकी

घरात तिला मेंदूताई म्हणत. नाव वडिलांनी पाडलं होतं. पोरगी डॉक्टर होणार नाही, इंजिनिअर होणार नाही, न्यूरोसायन्स नावाचं काहीतरी शिकणार म्हटल्यावर काका-मावश्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या; वडील मात्र खूश. "मेंदूचं शिकते आमची. घरात कुणाला तरी तो असायला हवाच होता," असं ते वायरमनच्या कामाला जातील त्या घरात सांगत सुटले.

कॉलेज एवढंसं. या विषयाला सगळी मिळून नऊ मुलं. सकाळी मेंढीच्या मेंदूचे काप करायचे आणि हाताला तोच वास घेऊन तत्त्वज्ञानाच्या तासाला 'मी म्हणजे नेमकं कोण' यावर भांडायचं, असा तिथला कारभार. प्रयोगशाळेत प्लास्टिकचा मेंदू होता, त्याचा कानामागचा तुकडा सारखा गळून पडायचा म्हणून चिकटपट्टीने लावलेला. शिकवायला बाई एकच. त्यांचा दंडक असा, की स्मरणशक्तीची चाचणी वाचून येत नाही, घरच्यांवर घेऊन घेऊन ती तोंडात बसली पाहिजे. सगळीकडे ठरलेलेच पाच शब्द सांगायचे, मध्ये कागदावर पावणेपाच वाजलेलं घड्याळ काढायला लावायचं, थोड्या वजाबाक्या, आणि मग तेच पाच शब्द परत विचारायचे.

"मला कामं आहेत," म्हणून आईने अंग काढून घेतलं. उरले वडील. ते सातवीत शाळा सोडलेले. जन्मात कधी त्यांना पैकीच्या पैकी मार्क पडले नव्हते. पहिल्यांदा पडले तेव्हा शेजाऱ्यांना बोलावून सांगितलं. मग चटकच लागली. स्वतःच फोन करायचे, "घे की गं परीक्षा," आणि तिने तोंड उघडायच्या आत म्हणून मोकळे व्हायचे, "होडी, कात्री, घंटा, उशी, पिवळा!" तिला हसू यायचं. एकाच माणसावर तीच चाचणी पुन्हा पुन्हा घेऊ नये, तिचा उपयोग संपतो, हे बाईंनी शिकवलं होतं. तिने पेपरात लिहिलंही होतं. पण वडील म्हणजे काही पेपरातला माणूस नव्हे.

दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत ती आली तेव्हा वडील घरी बसून होते. एका घरी मेन स्विच बंद न करताच त्यांनी बोर्ड उघडला होता. झटका बसला, स्टुलावरून पडले, थोडक्यात बचावले. संध्याकाळी मात्र म्हणाले, मी त्या घरी गेलोच नाही. ते ज्याच्याकडे कामाला होते तो कंत्राटदार भला माणूस. "डॉक्टरांना दाखवा, ते हो म्हणाले की या कामावर," एवढंच म्हणाला.

चार दिवस ती त्यांच्या मागे मागे राहिली. वडिलांनी दारावरची बेल दुरुस्त केली, ती स्वयंपाकघरातला दिवा लावला की वाजू लागली. ते हसले, पण हसताना तिच्याकडे बघत राहिले. एकच गोष्ट एका चहात तीनदा सांगितली. तिला सगळं दिसत होतं, आजाराच्या नावासकट, आणि आपण हा विषय घेतलाच नसता तर बरं झालं असतं असं वाटत होतं.

डॉक्टरांच्या खोलीत आई डावीकडे, ती उजवीकडे, मध्ये वडील, केस विंचरून. डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. तीच चाचणी होती, शब्दही तेच. वडिलांचा चेहरा एकदम उजळला. घड्याळ सुबक काढलं. वजाबाक्या धडाधड. आणि शेवटी छाती पुढे काढून, "होडी, कात्री, घंटा, उशी, पिवळा."

"वा!" डॉक्टर म्हणाले. आईचा जीव भांड्यात पडला.

"डॉक्टर, त्यांना ते पाठ आहे," ती म्हणाली. "मीच... मी खूपदा घेतलीय ही चाचणी."

"पाठ राहतंय, म्हणजे स्मरण चांगलंच की!" डॉक्टर हसले. वडीलही हसले.

"तसं नाही. जुनं घोटलेलं राहतं. नवीन राहत नाही. दुसरे शब्द देऊन बघा ना."

"कितवं वर्ष?"

"दुसरं."

"दुसऱ्या वर्षाला सगळ्यांनाच घरात आजार दिसतात. मलाही दिसले होते." बाहेर माणसं खोळंबली होती. "सहा महिन्यांनी या. झटका बसला की माणूस गोंधळतो थोडा. कामाला जाऊ द्या."

बाहेर येताच तिने बाईंना फोन लावला. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "तुझं बरोबर आहे असं मला वाटतं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. पण ते बरं करतील असं मी तुला सांगू शकत नाही. हे का होतं, एवढंच शिकवते मी. तेही अर्धंच माहीत आहे." वडील रिक्षात आधीच बसून तिला हाका मारत होते.

घरी आल्या आल्या आईने उत्साहाने हत्यारांची पिशवी पुसून दाराशी ठेवली. "आता तोंड पाडून बसू नकोस," ती लेकीला म्हणाली. "डॉक्टरपेक्षा तुला जास्त कळतं का?"

लेक वडिलांसमोर पाट ओढून बसली. "बाबा, आज नवीन शब्द हं. चमचा, डोंगर, पायरी, साबण, हिरवा. म्हणा."

त्यांनी बिनचूक म्हटले. मग चहा झाला. त्यांनी साखर जास्त पडल्याची तक्रार केली, आईने नेहमीसारखं ऐकवलं. तेवढ्या वेळात तिने मनात किती नवस बोलले असतील, विज्ञानाच्या मुलीला शोभणार नाहीत असे.

"आता सांगा बाबा, मघाचे शब्द?"

त्यांचा हात गुडघ्यावर चाचपडू लागला. लेकीकडे बघितलं, आईकडे बघितलं; मग सापडलं एकदम, आणि चेहरा फुलला.

"होडी, कात्री, घंटा, उशी, पिवळा!"

आई कपबशा उचलत होती, ती तशीच थांबली. कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. तिने कपबशा खाली ठेवल्या, दाराशी जाऊन पिशवी उचलली, पलंगाखाली पार भिंतीपर्यंत सारली आणि पलंगावर बसून राहिली.

वडील अजून वाट बघत होते. "किती पडले गं, मेंदूताई?"

"पैकीच्या पैकी, बाबा," ती म्हणाली.