संघमित्राची बोटं

अकरा दिवस संघमित्राने ना बॉलला हात लावला होता, ना केळीला. फैजपुरात राहून केळीला हात लावायचा नाही, म्हणजे बघा! आई कलाबाई कापणीच्या टोळीत कामाला, आणि कॉलेज सांभाळून लेकही तिच्याबरोबर जायची. घड उतरवायचे, फण्या वेगळ्या करायच्या, आणि ऊन उतरलं की मैदानावर हँडबॉल. पोरगी डावखुरी. उजव्या कोपऱ्यातून उडी मारून तिने डाव्या हाताने बॉल फेकला की समोरची गोलकीपर नुसती बघत राहायची. क्लबमध्ये अशी दुसरी नव्हती. तिच्याच जोरावर क्लब राष्ट्रीय स्पर्धा जिंकला, आणि थेट हंगेरीतून बोलावणं आलं, आंतरराष्ट्रीय क्लब अजिंक्यपद स्पर्धेचं.

या पोरींची एक रीत होती. हँडबॉल हातात चिकटून राहावा म्हणून मोठे खेळाडू बोटांना राळेचं मलम लावतात. फैजपूरला ते वेळेवर कधी मिळालं नाही, म्हणून पहिल्या वर्षीच पोरींनी केळीचा ताजा चीक लावून बघितला, आणि तो असा काही चिकटला की पुढे मलम आलं तरी चीक सुटला नाही. चिकाचे डाग काळे पडतात आणि जन्मात जात नाहीत. क्लबच्या सगळ्या पोरींचे तळवे काळपट, आणि त्याचा त्यांना केवढा तोरा! पण बाकीच्या फक्त खेळापुरता चीक लावायच्या. संघमित्राचे हात सकाळी शेतात आणि संध्याकाळी मैदानावर, दोन्हीकडे चिकात.

मुंबईला व्हिसाच्या केंद्रात मशीनवर बोटं ठेवायची वेळ आली, तेव्हा सगळ्यांचे ठसे उमटले, हिचे नाही. पुसलं, धुतलं, पुन्हा ठेवलं. नाहीच. काउंटरवरच्या बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, "ताई, घाबरू नका. आठ-दहा दिवस हात जपा, नवी कातडी येऊ द्या. दुसरी तारीख तुमच्या क्लबला ईमेलने येईल." क्लबचे सेक्रेटरी भूपेंद्रभाऊ शेजारीच उभे होते. त्यांनी मान डोलावली, "मी बघतो सगळं, तू काळजी करू नको."

झालं! कलाबाईने घरात कायदाच लावला. तिचं माहेर शिरपूरकडचं. राग आला किंवा माया दाटली की तिच्या तोंडात अहिराणीच यायची. "तू काय बी नको करू. बठ्ठं मी करस," म्हणाली. भांडी तिने घासली, धुणं तिने धुतलं, लेकीच्या वाट्याचे घडही तिनेच उतरवले. रोज निजताना खोबरेल तेल लावून लेकीची बोटं चोळायची. बावीस वर्षांची घोडी पोर, पण आई तिला स्वतःच्या हाताने भाकरी भरवायची. शेजारणी हसायच्या. हसू देत! डाग सगळे गेले नाहीत, पण बोटांच्या टोकांवर बारीक रेषा दिसायला लागल्या. संघमित्रा खिडकीशी बसून त्या रेषा मोजायची. मैदानावरून पोरींचा आरडाओरडा ऐकू आला की जीव तुटायचा, पण ती गेली नाही.

तिने भाऊंना तीनदा विचारलं. तिन्ही वेळा एकच उत्तर, "आली नाही गं तारीख. आली की सांगतो ना."

बाराव्या दिवशी जळगावला क्लबचा निरोप समारंभ होता. संघ निघायला अजून तेवीस दिवस होते, पण पाहुण्यांना हीच वेळ सोयीची! कलाबाईने लेकीला ठेवणीतला पांढरा ड्रेस घालायला लावला आणि दोघी एसटीने गेल्या. सभागृहाच्या दारावर हा एवढा मोठा फ्लेक्स. मधोमध भूपेंद्रभाऊ हात जोडून, आणि त्यांच्याभोवती सोळा पोरींचे फोटो. संघमित्राने एकदा बघितले, दोनदा बघितले. तिच्या सात नंबरच्या जर्सीत पुनम होती. पुनम म्हणजे भाऊंची सख्खी पुतणी. पुण्याला शिकायची, सुट्टीत यायची, मैदानाच्या कडेला उभी राहून सेल्फी काढायची. क्लबच्या कागदावर तिचं नाव कधी चढलं, कुणाला ठाऊक!

कॅप्टन वृषाली पायरीवर उभी होती, तिला पाहून मान फिरवायला लागली. संघमित्राने तिला गाठलंच. "वृषाली, माझ्याकडे बघ. काय झालंय?"

वृषाली रडायच्या बेतात होती. "तारीख आली होती, मित्रा. गेल्या मंगळवारची. भाऊ म्हणाले, तिला सांगायचं नाही, तिचे ठसे काही उमटायचे नाहीत. त्याच दिवशी ते पुनमला ठसे द्यायला मुंबईला घेऊन गेले."

"आणि तुम्ही? पंधरा जणी होतात ना गं तुम्ही! एकीच्याही तोंडातून शब्द फुटला नाही?"

"भाऊ म्हणाले, जी बोलेल तिचंही नाव कापीन."

संघमित्राच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाऊंचा राग होताच, पण त्यापेक्षा या पोरींचा आला. पाच वर्षं एका डब्यात जेवलेल्या पोरी! तिने मागे वळून बघितलं, तर कलाबाई फ्लेक्ससमोर उभी. तिला वाचता येत नव्हतं, फोटो मात्र दिसत होते. "तुन्हा फोटो कुठे शे?" तिने विचारलं. संघमित्राने सगळं सांगितलं. कलाबाई आपल्या हातांकडे बघत राहिली. अकरा दिवस दोघींचं काम केलेले हात, काळे ठिक्कर. मग म्हणाली, "चाल आत."

आत भाषणं रंगात आली होती. दोघी दाराशीच उभ्या राहिल्या. पाहुण्या म्हणून धुळ्याच्या दिपमाला मॅडम होत्या, हँडबॉलच्या जुन्या पंच, वय साठीच्या पुढे, आवाज अजून शिट्टीसारखा. भूपेंद्रभाऊ माईकवर सांगत होते, आमच्या खेड्यातल्या मुली, आमच्या मातीतल्या मुली, मी त्यांना पोटच्या पोरींसारखं जपलं. टाळ्या! आता बोला, माणसाला लाज कशी वाटत नाही?

मग क्लबची नेहमीची रीत आली. स्पर्धेला निघताना नव्या बॉलवर ताजा चीक लावायचा आणि प्रत्येकीने त्यावर तळवा दाबायचा. किरण सर, पोरींचे कोच, केळीचा कापलेला दांडा घेऊन आले. हा माणूस मैदानावर वाघ आणि भाऊंसमोर शेळी. वृषालीने बॉलला चीक फासला, एकेकीने हात दाबला. पुनमपाशी बॉल आला तशी ती दोन पावलं मागे सरली. "ई! माझा ट्रॅकसूट नवा आहे. याचे डाग जात नाहीत ना?"

सभागृहात कुणीतरी फिसकन हसलं. दिपमाला मॅडमनी चष्मा वर केला. "दाखव गं हात," म्हणाल्या. पुनमचे तळवे गोरेपान, वर कोपरापर्यंत मेंदी. "कोणत्या जागेवर खेळतेस?"

पुनमने काकांकडे बघितलं. काकांनी घाम पुसला. "उजव्या बाजूला खेळते, मॅडम. नवीन आहे, पण गुणी आहे."

तेवढ्यात वृषालीला काय झालं कोण जाणे. तिने माईक ओढला. "मॅडम, उजव्या बाजूला संघमित्रा खेळते. ती तिथे उभी आहे!" आणि चीक लावलेला तो बॉल तिने होता तितका जोर लावून थेट संघमित्राकडे फेकला. सगळ्या माना वळल्या. बॉल बरोबर येत होता, छातीच्या उंचीवर, डाव्या हाताला. असे हजार पास तिने डोळे मिटून झेलले असते. हात आपसूक वर गेलाही.

आणि तिने तो पाठीमागे घेतला.

बॉल धाडकन छातीवर आदळला. पांढऱ्या ड्रेसवर चिकाचा हा मोठा डाग उमटला आणि बॉल घरंगळत खुर्च्यांखाली गेला. वृषालीला वाटलं, हिने आपल्याला माफ केलं नाही.

"हात खराब करणार नाही मी!" संघमित्रा ओरडली. माईकची गरजच नव्हती. "अकरा दिवस हे हात जपलेत. माझ्या आईने दोघींचं काम केलंय. आता बॉल फेकून कौतुक करता होय? मला टाळ्या नकोत, मला तारीख द्या! भाऊ, ईमेल तुमच्या फोनमध्ये आहे. काढा तो फोन."

"अगं, घरातली गोष्ट आपण घरी बोलू…" भाऊ हसायला गेले.

"घरी तीनदा बोलले. तिन्ही वेळा खोटं बोललात."

दिपमाला मॅडम उठून भाऊंच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "काढा, भूपेंद्रभाऊ. मीपण बघते."

भाऊंनी किरण सरांकडे बघितलं. सरांनी पहिल्यांदाच नजर खाली घातली नाही. हळूच म्हणाले, "काढा भाऊ. नाहीतर मी संघ घेऊन जाणार नाही." मग एकेक पोर पुढे सरली. काळे तळवे असलेल्या पंधरा जणी भाऊंच्या भोवती उभ्या राहिल्या, आणि पुनम बिचारी कोपऱ्यात एकटी. फोन निघाला. मंगळवारच्या तारखेचा ईमेल मॅडमनी मोठ्याने वाचून दाखवला, आणि तिथेच, व्यासपीठावर, सगळ्यांसमोर, भाऊंच्याच बोटाने नवी तारीख घ्यायला लावली. शुक्रवार, सकाळी साडेदहा. ठसे उमटतील की नाही, ते मशीनलाच ठाऊक. पण मशीनसमोर उभी कोण राहणार, ते ठरलं.

परतीच्या एसटीत बसायला जागा नव्हती. वृषाली तिच्या मागोमाग चढली होती, पण जवळ यायची हिंमत होत नव्हती. गाडीने स्टँडबाहेर वळण घेतलं, संघमित्राचा तोल गेला आणि तिचा हात वरच्या दांड्याकडे गेला. दांडा गंजलेला, खरखरीत.

"दांडाले हात नको लावू," कलाबाई गरजली. "मन्हा खांदाले धर."

संघमित्राने कोपर आईच्या खांद्यावर टेकवलं. दुसऱ्या बाजूने वृषाली न बोलता सरकली आणि तिला टेकू देऊन उभी राहिली. संघमित्रा तिच्याशी बोलली नाही, पण बाजूलाही झाली नाही. फैजपूर येईपर्यंत दोन्ही हात तिने छातीशी धरून ठेवले, त्या काळ्या डागाला लागणार नाहीत असे.