चौकटीबाहेरचा निळा

इंग्लंडमधल्या श्रूजबरी गावच्या लायब्ररीत, तळमजल्यावरच्या खोलीत शरयू आजी दर शनिवारी मुलांना चित्रकला शिकवत. नागपूरच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर तेच केलं होतं. मुलाकडे राहायला आल्यावर रिकामं बसवेना, म्हणून हा वर्ग.

या वेळी त्यांनी इराणी लघुचित्रांचं जाडजूड पुस्तक उघडलं. मुलं लगेच घोडे शोधायला लागली, तेव्हा आजींनी सगळ्यांना डोळे अर्धवट मिटायला सांगितलं. हळूहळू घोडे, राजपुत्र, बागेतल्या बायका पुसट झाल्या आणि नुसते रंग उरले. फिरोजी भिंत, गुलाबी खडक, केशरी गालिचा.

"आता जे उरलं, तेवढंच काढायचं," आजी म्हणाल्या.

मग एका पानावर बोट ठेवून त्यांनी आणखी एक गंमत दाखवली. सगळं चित्र सोनेरी चौकटीत होतं, पण एक झाड मात्र चौकट ओलांडून बाहेरच्या कोऱ्या कागदावर गेलं होतं. ते चित्रकाराला आत कोंडायचं नव्हतं, असं आजींनी सांगितलं.

केया तिसरीतली. बोलायची कमी, आणि तेही बहुतेक इंग्रजीत. तिने कितीतरी वेळ डोळे बारीक करून ते पान पाहिलं आणि मग रंगवायला घेतलं. कोपऱ्यात गुलाबी, मध्ये केशरी डाग, आणि खालून वर चढत गेलेला एक मोठा निळा. तो तिने आधी आखलेल्या चौकटीची वरची सोनेरी रेघ ओलांडून थेट कागदाच्या कडेपर्यंत पोचला होता.

लायब्ररीच्या भिंतीवर मुलांची चित्रं लागणार होती. कागद सरळ व्हावेत म्हणून आजींनी ते घरी नेऊन पुस्तकांखाली दाबून ठेवले. दुसऱ्या दिवशी काढताना केयाचं चित्र हातात आलं, आणि वर सांडलेला निळा त्यांना खटकला. नागपूरला चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना मुलं बसवायच्या, तेव्हा चौकटीबाहेर रंग गेला की त्या स्वतःच ब्रश घेऊन नीट करून द्यायच्या. आजही हात आपोआप चालला. त्यांनी बाहेरच्या निळ्यावर पांढरा रंग दिला आणि त्याच्या कडेने पट्टी लावून सोनेरी रेघ पुन्हा ओढली. चित्र कसं स्वच्छ दिसायला लागलं.

प्रदर्शनाला सगळ्यांचे आईवडील आले. केयाच्या चित्रापाशी अतुल थांबला, प्रथमेशचा बाबा. पोरीच्या हाताला काय वळण आहे, बॉर्डर बघा किती सरळ, आमचा प्रथमेश तर टेबलही रंगवून ठेवतो, असं तो बोलत राहिला. केयाची आई अस्मिता खुश होऊन फोटो काढत होती.

केया मात्र चित्राकडे नुसती बघत उभी होती.

"दॅट्स नॉट माइन," ती म्हणाली.

अस्मिताने जवळ जाऊन पाहिलं आणि पांढऱ्याखालचा निळा तिच्या लक्षात आला. आजींनी किती छान नीट करून दिलंय, थँक यू म्हण त्यांना, असं तिने हळूच सांगितलं.

"थँक यू, आजी," केया म्हणाली. मग जरा थांबून, "पण बुकमधलं झाड पण बाहेर जातं."

आजींच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आपण ठेवलेलं ते बोट त्यांना आठवलं. चूक आपली आहे, हे तिथल्या तिथे सांगता आलं असतं. पण अतुल अजून बॉर्डरचं कौतुक करत होता, अस्मिता त्यांच्याकडे बघून हसत होती. आजीही हसल्या. घरी जाताना गाडीत मुलाने दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का म्हणून.

पुढच्या शनिवारी त्यांनी वर्ग सुरू होण्याआधी अस्मिताला थांबवून घेतलं आणि सगळ्या मुलांसमोर सांगितलं, की केयाचं चित्र त्यांनी तिला न विचारता बदललं आणि बिघडवलं. अस्मिता संकोचून, काहीतरीच काय आजी, असं पुटपुटली. केयाने खांदे उडवले आणि इट्स ओके म्हणाली.

आजींनी तिला नवा कागद दिला. तेच चित्र पुन्हा काढ, तुला हवं तसं, म्हणाल्या, आणि मुद्दाम टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या.

तास संपताना त्या बघायला गेल्या. गुलाबी होता, केशरी होता. निळा खालून वर चढला होता आणि सोनेरी रेघेच्या पुष्कळ अलीकडे थांबला होता. मधली जागा कोरी होती.

"हा बाहेर नाही गेला?" आजींनी विचारलं.

केयाने ब्रश पाण्यात बुडवला. तिच्या आवाजात राग नव्हता. मोठ्या माणसाचं काम हलकं करावं, तशी ती म्हणाली, "आता तुम्हाला फिक्स करावं लागणार नाही."

आजी खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसल्या. केयाने कागद थोडा त्यांच्याकडे सरकवला, त्यांना नीट दिसावा म्हणून. आजींनी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले आणि त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिल्या.