नदीपलीकडचा ‘ड’

मित्रांनो, मला ना हात ना पाय, तरी रोज सकाळी पार्सलांच्या गाड्या माझ्या शब्दाबाहेर जात नाहीत. मी एक जुना, छोटासा प्रोग्राम आहे. पार्सलांच्या गोदामातल्या संगणकात माझा मुक्काम असतो. आमच्या शहरातल्या टपाल-कोडमध्ये अक्षरंही असतात आणि आकडेही; अक्षरांचा क्रम अ, ब, क, ड, इ, फ, ग असा. त्यातले ओळीने येणारे कोड एकत्र बांधायचे, हे माझं काम.

मला ताईने लिहिलं. गोदामात सगळेच तिला ताई म्हणत, म्हणून मीही म्हणतो. माझ्याआधी प्रत्येक गाडीच्या दारावर कोडची लांबलचक पट्टी चिकटवलेली असे. गाडीवाले मामा वैतागून म्हणत, “ताई, ही पट्टी वाचेपर्यंत माझी अर्धी पार्सलं पोचतील!” मग ताईने मला शिकवलं : म७अ नंतर म७ब आला, तर तो त्याचा शेजारी. त्याला त्याच ओळीत घे. शेजारी आला नाही, तर ओळ तिथेच संपव आणि नवी सुरू कर. मग मी म७अ, म७ब, म७क असं न लिहिता नुसतं ‘म७अ ते म७क’ लिहू लागलो.

सुरुवातीला मी फार घोळ घातले. आकडेही अक्षरांसारखे वाचायचो. म१च्या मागोमाग म१०ला बसवायचो आणि बिचारा म२ मागे ताटकळत राहायचा. ताई कपाळाला हात लावून हसायची. “अरे शहाण्या, दोनाआधी दहा कसा येईल?” मग तिने मला अक्षर वेगळं आणि आकडा वेगळा काढायला शिकवलं. ते डोक्यात शिरलं आणि माझी गाडी रुळावर आली.

मामांची लांब पट्टी गेली, तिथे दोनच ओळी आल्या : ‘म७अ ते म७क’ आणि ‘म७इ ते म७ग’. मामांनी संगणकाच्या पाठीवर थाप मारली. मला ती लागली नाही, पण पोचली. पुढे ताई दुसऱ्या विभागात गेली. मी बिनबोभाट काम करत राहिलो आणि म्हणूनच सगळे मला विसरले.

मग नवे साहेब आले. उत्साही माणूस, प्रत्येक गोष्ट आटोपशीर हवी. मामांच्या गाडीकडे बघून म्हणाले, “मधलं एक अक्षर नाही म्हणून दोन ओळी कशाला? जोडून टाका!” कुणीतरी माझ्यात बदल केला. ‘म७अ ते म७ग’. ओळ दिसायला छान होती. पण मधला ‘ड’ माझ्या पोटात आला आणि मला धड ओरडताही येईना.

दुसऱ्याच दिवशी ‘ड’चं एक खोकं मामांच्या गाडीत चढलं. खोकं चिवचिवत होतं. आत अंड्यातून नुकतीच बाहेर आलेली कोंबडीची पिल्लं होती. ती त्याच दिवशी उबेत पोचायला हवी होती. पुढचं मामांनीच नंतर रंगवून सांगितलं. पत्ता शोधत ते थेट नदीकाठी पोचले. रस्ता संपला. समोर पाणी, पलीकडे पिल्लं मागवणाऱ्या आजींचं घर आणि दारात खुद्द आजी!

“अहो, पिल्लं जिवंत आहेत ना?” आजी पलीकडून ओरडल्या.

“आहेत! तुमच्यापेक्षा जोरात ओरडतायत!”

पुलावरून वळसा घालायचा, तर संध्याकाळ झाली असती. मामांनी खोकं आपल्या कोटात गुंडाळलं आणि ताईला फोन लावला.

“मामा, ‘ड’ तुमचा नाहीच! तो पलीकडच्या गाडीचा. तुम्हाला कुणी दिला?”

“तुझ्या प्रोग्रामनेच दिला की!”

ताईने मामांकडून खोक्यावरचा नंबर घेऊन लगेच आजींना फोन केला. आजींच्या मुलाने होडी काढली. वल्ह्यांच्या तालावर चिवचिवाट पलीकडे गेला. आजींनी एकेक पिल्लू पदरात घेऊन पाहिलं आणि हात उंच करून मामांना खूण केली, सगळी ठीक आहेत.

ताई त्याच दुपारी माझ्याकडे आली. साहेब तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. “मला वाटलं, फट आहे,” ते ओशाळून म्हणाले. “चूक माझीही आहे,” ताई म्हणाली, “ती का आहे, हे मी कुठे लिहिलंच नव्हतं.” तिने ओळ पुन्हा दोन तुकड्यांत तोडली आणि वर माझ्यातच एका ओळीची टीप लिहिली : ‘ही फट नाही. इथे नदी आहे.’

मित्रांनो, त्या ओळीवरून मी रोज न थांबता पुढे जातो. संगणक अशा ओळी वाचतच नाही. ती तुमच्यासाठी आहे. आमच्यासारख्या जुन्यांना जरूर सुधारा, पण हात लावण्याआधी ती एक ओळ वाचत जा. आणि नसेल, तर तुम्ही लिहा.