डोकं नसलेला रिमोट

भिंगरीचं खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीपुरतं. घरीदारी ती भिंगरीच. त्या दिवशी तर तिचे पाय जमिनीवर ठरतच नव्हते. इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवणाऱ्या एका कंपनीनं शाळकरी मुलांच्या डिझाइनना हात द्यायचं ठरवलं होतं. त्यांचा थ्रीडी प्रिंटर वापरा, सामान घ्या, शिवाय अडलं तर विचारायला एक इंजिनिअर ताई. शेवटी यातलं एकच डिझाइन कंपनी खरोखर बनवणार होती, आणि ते आपलंच असणार याबद्दल भिंगरीला तिळभर शंका नव्हती.

तिनं बनवला होता टीव्हीचा तीन बटणांचा रिमोट. खास आत्यासाठी. आत्याची नजर अधू; नेहमीच्या रिमोटवरची बटणं तिला मुंग्यांच्या रांगेसारखी दिसायची.

ताईची अट एकच होती. "ज्यांच्यासाठी वस्तू बनवलीस त्यांना आधी काही शिकवायचं नाही. हातात द्यायची आणि तोंडाला कुलूप."

भिंगरी आणि तोंडाला कुलूप! चाचणीच्या आदल्या दुपारीच तिनं आत्याला समोर बसवलं. "वर आवाज, मधे बंद-चालू, खाली चॅनल. म्हण!"

"म्हणते गं बाई! पाढे घेतेस की काय माझे?"

चाचणीच्या खोलीला एका बाजूनं काच होती. पलीकडे कंपनीतली माणसं कॉफीचे कप घेऊन बसली होती. ठेवणीतले कपडे घालून आलेल्या आत्यानं टीव्ही लावला, आवाज वाढवला, चॅनल बदलला. सगळं फटाफट! भिंगरीनं काचेकडे असं पाहिलं, जणू बक्षीस खिशात पडलंच.

मग ताईनं रिमोट उचलून पुसला आणि सहज टेबलावर ठेवला. तो नेमका उलट्या दिशेनं पडला. "आत्या, आता पुन्हा आवाज वाढवा."

आत्यानं वरचं बटण दाबलं. आवाज वाढला नाही, चॅनल बदलला. पुन्हा दाबलं. पडद्यावर दोन पैलवान एकमेकांना आपटायला लागले.

"अगं बाई, हे कुठून उपटले?"

काचेपलीकडे हशा पिकला. आत्या गोरीमोरी झाली. "हसू नका हो. पोरीनं काल चारदा घोकून घेतलंय माझ्याकडून. ती हुशारच आहे, मीच मठ्ठ!"

ताईनं भिंगरीकडे पाहिलं. रागावून नव्हे, नुसतंच. ते जास्त लागलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं भिंगरीला झालं.

"आत्या मठ्ठ नाहीये," ती कशीबशी म्हणाली. "रिमोटलाच डोकं नाहीये. दोन्ही टोकं सारखीच केलीत मी. वर कुठलं नि खाली कुठलं, ते हाताला कळतच नाही. आणि... हो, मी शिकवलं होतं."

"मग निवडीत हा रिमोट येणार नाही," ताई म्हणाली. "प्रिंटर आहे. सुधारायचा असेल तर सोमवारपासून ये."

बाहेर पडताना आत्यानं भिंगरीचा हात घट्ट धरला आणि हळूच म्हणाली, "माझ्यामुळे गेलं ना गं तुझं? पुढच्या वेळी आणखी चांगलं पाठ करून येईन हं."

भिंगरीचे कान घर येईपर्यंत जळत राहिले.