पाताळबाबांचा हिरवा दिवा

"धरणीमाता कधी खोटं बोलत नाही," पाताळबाबांनी चौकात गर्जना केली, आणि दिव्यांच्या पेटीची निघालेली वायर जोडेपर्यंत धरणीमातेला जरा थांबायला सांगितलं.

गर्दीही थांबली. शिवणकाम करणारी मावशी आपल्या दारात सारखी आत-बाहेर करत होती. धरणीमाता बोलणार होती ती तिच्याच घराबद्दल.

चौकातल्या उघड्या खडकात बाबांनी दोन खुंट्या ठोकल्या होत्या. एक मावशीच्या घराच्या दिशेला, दुसरी काटकोनात, बाजाराकडे. मधोमध हातोडा मारायचा. अंतर सारखंच, तरी ज्या खुंटीला हादरा आधी पोचेल तिचा दिवा पेटीवर लागायचा. दर वेळी घराकडचा हिरवाच लागे. खालचं गुप्तधन हादऱ्याला ओढून घेतं, असा बाबांचा खुलासा. तेव्हा खणण्यासाठी घर आश्रमाच्या नावावर करायचं. शेजारी इतके परोपकारी, की शिलाई मशीन बाहेर काढायला बाह्या सरसावून तयार.

मावशीची भाची हादरे सोडून जमिनीच्या पोटातलं चित्र काढायची नोकरी करायची. तिनं घराकडची खुंटी उपटून बरोबर उलट बाजूला, तेवढ्याच अंतरावर ठोकायला सांगितली. धनाकडे पाठ करणं अशुभ, असं बाबा म्हणाले. मग दिवा लागणारच नाही, त्यात भ्यायचं काय, असं म्हणून तिनं हातोडा हाणला.

हिरवा दिवा लागला.

त्या बाजूला सार्वजनिक मुतारी होती. तिथलं धन कोण खणणार, अशी कुणीतरी मागून चौकशी केली.

"मावशी, कापड उभ्या धाग्यात ओढलं तर ताणतं?"

"छे गं. तिरपं ओढलं की ताणतं."

"एकच कापड, पण दिशेप्रमाणे वागणं वेगळं. खडकाचंही तसंच. इथले थर उभ्या पुस्तकांसारखे आहेत. हादरा थरांच्या लांबीनं सुसाट जातो, थर ओलांडताना रेंगाळतो. तुझं घर थरांच्या दिशेत, बाजार आडवा. बाबांनी ते बघूनच घर निवडलंय. हा फरक विसरलो तर आमचंही चित्र वाकडं येतं. पण आम्ही चित्र सुधारतो, लोकांची घरं खणत नाही." मग ती गर्दीकडे वळली. "चमत्कार दिसला की उलट बाजूनंही ठोकून बघत जा. एवढंच."

बाबा वायर गुंडाळू लागले. त्यांनी हातोडा उचलला, तशी मावशी तरातरा पुढे आली. आता बाईचा तोल सुटणार, म्हणून लोक दोन पावलं मागे सरले.

"बाबा, हातोडा आहेच हातात," ती म्हणाली, "तर आत येऊन भिंतीत एक खिळा ठोकून द्या. गिऱ्हाइकांचा आरसा केव्हाचा जमिनीवर पडलाय."