काचेवरचा डाग

मित्रांनो, मी रक्तातली साखर मोजणारं एक जुनं यंत्र आहे. मुठीत मावेन एवढा, कोपरा फुटलेला, पाठीला चिकटपट्टी लावलेला. आज मी तुम्हाला माझी चूक सांगणार आहे. ऐकून हसू नका. हसलात तरी चालेल म्हणा, पण पुढे ऐका.

मी उंदरांच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. नऊ वर्षं झाली. उंदरांची देखभाल करणारे मामा सकाळी सातला पिंजऱ्यांतलं खाणं काढून घेतात, पाणी तेवढं ठेवतात. दुपारी एकला मोजणी. शेपटीच्या टोकाला बारीक टोचायचं, पहिला थेंब पुसून टाकायचा, दुसरा पट्टीवर घ्यायचा. साखर असेल तशी पट्टी निळी होते. जितकी निळी, तितकी साखर जास्त. माझ्या पोटात एक इवलीशी काच आहे, तिच्यातून मी तो रंग बघतो आणि आकडा सांगतो. ती काच मळली, तर पडद्यावर थेंबाची एक खूण लुकलुकते. ‘मला पुसा’ असा तिचा अर्थ. पूर्वी मामा रोज संध्याकाळी ओल्या कापसाने ती पुसायचे. "आपला म्हातारा खोटं बोलत नाही," असं सगळ्यांना सांगायचे. काय उकळ्या फुटायच्या मला!

मग तो आला, माझ्याच कामाचं नवं यंत्र. पांढराशुभ्र, बोटाएवढा सडपातळ. मला मोठा थेंब आणि वीस सेकंदं लागतात. त्याला टाचणीच्या डोक्याएवढा थेंब पुरे आणि पाचव्या सेकंदाला आकडा हजर. "अगंबाई, किती गोड आहे हा!" असं ताई म्हणाली. ताई म्हणजे इथे संशोधन करणारी मुलगी, मामांची लाडकी. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. नऊ वर्षांत मला कुणी गोड म्हटलं नव्हतं.

ताईला साखर उतरवणारं एक नवं औषध तपासायचं होतं. चोवीस उंदीर, बारांना औषध, बारांना साधं पाणी. आठ आठवडे, दर सोमवारी मोजणी. एकटीने मोजायला फार वेळ लागायचा, शेवटचे उंदीर उगाच उपाशी राहायचे. म्हणून तिने वाटणी केली. औषधवाल्यांना ती पांढऱ्याने मोजणार, पाणीवाल्यांना मामा माझ्याने. चूक तिथेच झाली, पण तेव्हा कुणाच्याच ध्यानात आली नाही.

पहिले दोन आठवडे आमचे आकडे सारखे आले. तिसऱ्या सोमवारी एका उंदराने झटका दिला आणि रक्ताचा थेंब माझ्या काचेवर उडाला. संध्याकाळ झाली. मामा पांढऱ्याच्या पट्ट्यांच्या नव्या डब्या कपाटात लावत बसले आणि मला न पुसताच खणात टाकून गेले. पुढे रोज तेच. म्हटलं, बरंय! नव्याचे लाड करा, म्हातारा पडू दे अंधारात.

पुढच्या सोमवारी मला निळा रंग जास्तच गडद दिसू लागला. थेंबाची खूण लुकलुकवायची होती. पण मनात आलं, मी मळलोय असं कळलं की ताई म्हणेल, "जाऊ दे मामा, सगळे पांढऱ्यावरच घेऊ." म्हणून मी खूण दाबून धरली. आणि प्रत्येक उंदराची साखर पंचवीस-सत्तावीसने जास्त सांगत राहिलो.

तिकडे ताईच्या वहीत पाणीवाले वर आणि औषधवाले खाली दिसू लागले. "मामा, औषध लागू पडलं!" ती टाळ्या पिटत ओरडली. प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंनी तिला शुक्रवारच्या सभेत बोलायला सांगितलं. ताईने लगेच आईला फोन लावला. आणि श्रेय कुणाला? तर पांढऱ्याला! "हा आल्यापासून यश आलं बघा," असं ती म्हणाली. मी आतल्या आत जळून कोळसा झालो.

आठव्या सोमवारी ढब्बूची पाळी होती. हा औषधवाला उंदीर, मामांनी नाव ठेवलेला. ऐन वेळी पांढऱ्याच्या पट्ट्या संपल्या.

"म्हाताऱ्यावर घे तोवर," मामा म्हणाले. मी सांगितलं, एकशे एकाहत्तर. तेवढ्यात नवी डबी सापडली. ताईने त्याच शेपटीचा थेंब पांढऱ्यावर घेतला. एकशे चव्वेचाळीस.

"मामा, दोन मिनिटांत एवढी साखर उतरते का हो?"

"छे! दोघांतला एक थापा मारतोय."

मला वाटलं, हा माझा दिवस! फोडा त्या पांढऱ्याचं बिंग! ताईने कपाटातून तपासणीची बाटली काढली. तिच्यातल्या पाण्यात साखर किती, ते वर लिहिलेलंच असतं. एकशे वीस. पांढरा म्हणाला, एकशे एकवीस. मी म्हणालो, एकशे सत्तेचाळीस.

मामांनी माझं झाकण उघडलं, काचेवरचा वाळलेला तपकिरी डाग पाहिला आणि कापूस ओला केला.

पुसून झाल्यावर सगळे चोवीस उंदीर दोन्ही यंत्रांवर पुन्हा मोजले. दोन्ही गट सारखेच निघाले. औषध लागू पडलंच नव्हतं.

ताईने आईला फोन केला. "नाही गं आई, झालं नाही... यंत्राचा काय दोष? मीच तपासलं नाही. शुक्रवारी तसंच सांगणार आहे... हो, जेवले." जेवली नव्हती. डबा तसाच होता.

मित्रांनो, ती माझ्यावर ओरडली असती, तर मी सोसलं असतं. तिने दोष स्वतःवर घेतला, ते सोसवेना. आणि ते चोवीस उंदीर! त्यांनी दर सोमवारी उपाशीपोटी टोचून घेतलं, रक्त खरं दिलं. खोटं मी केलं. का, तर शेजारच्याला गोड म्हटलं म्हणून!

आता ताई मोजणीआधी आम्हा दोघांनाही बाटलीवर तपासते. कुठल्याही प्रयोगात सगळे उंदीर एकाच यंत्रावर मोजते. मोजणारं यंत्र जुनं असो की नवं, त्याला पुसा आणि तपासा. नुसत्या मायेवर विश्वास ठेवू नका.

पांढऱ्याचा हेवा गेला, असं मी म्हणणार नाही. परवा पुन्हा माझ्या काचेवर थेंब उडाला. ताईच्या एका हातात मी होतो, दुसऱ्या हातात तो, चकचकीत. फार लाज वाटली. पण मी खूण लुकलुकवली.